तीन वाटाडे, एक गाडी

ऑक्सिजनच्या गोदामात कुणालाही विचारा, वहिनींचं खरं नाव त्याला सांगता येणार नाही. पोस्टमनची बायको, म्हणून वहिनी, विषय संपला. आणि हे पोस्टमन काही टपाल वाटणारे नव्हेत. एकवीस वर्षं त्यांनी गोदामाचा टेम्पो चालवून घरोघरच्या आजाऱ्यांना सिलिंडर पोचवले. शहरातलं एकही दार त्यांना अनोळखी नव्हतं, म्हणून ते नाव पडलं. एखाद्याने नुसतं "निळ्या खिडकीच्या आजी" म्हटलं, तरी पुढच्या क्षणी हे किल्ली घेऊन निघालेले असायचे.

मग एके दिवशी सिलिंडर उतरवताना त्यांच्या कंबरेत कळ आली ती आलीच. मणक्याचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायची नाही आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा श्वास खांद्यावर वाहिला, तो आता खाटेवर पडून छताकडे बघत राहिला.

वहिनींनी त्याआधी नऊ वर्षं शाळेची व्हॅन चालवली होती. तेव्हा गोदामाच्या भाऊंनी, म्हणजे तिथल्या मुख्य माणसाने, टेम्पो त्यांच्याच हातात दिला. गाडी चालवायचं वहिनींना काही वाटलं नाही. धास्ती होती ती रस्त्यांची. शाळेच्या व्हॅनला रोजची तीच चौदा दारं. इथे चौसष्ट घरं, आणि त्यातलं कुठलं कधी हाक मारेल याचा नेम नाही.

त्यावरून घरात जे महाभारत झालं त्याला तोड नाही. धाकट्या दिरांनी कुठूनसा एक स्वस्तातला जीपीएस आणून दिला: हाताच्या पंजाएवढा काळा डबा, मागे काचेला चिकटवायची वाटी. लेकीने त्याला लगेच नाकं मुरडली. "आई, फोनमध्ये सगळं फुकट असताना हा डबा कशाला? फोनला कुठे गर्दी आहे तेही कळतं. डब्याला स्वतःचं नावसुद्धा कळत नाही." दीर म्हणाले, "फोनला नेटवर्क लागतं, डब्याला लागत नाही. डोंगराकडच्या वस्तीत गेलीस की कळेल." खाटेवरून पोस्टमन म्हणाले, "दोन्ही ठेवा गुंडाळून. मी आहे ना!"

म्हणाले खरं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो डबा मागून घेतला. पोटावर ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, आठ दिवस ते त्यावर बोट फिरवत होते. चौसष्टच्या चौसष्ट घरं त्यांनी नकाशावर एकेक करून टाकली. प्रत्येक घराचं एक लाल टिंब. नवव्या दिवशी डबा बायकोच्या हातात देत म्हणाले, "घे. माझं डोकंच आहे असं समज." वहिनींना आनंद झाला, आणि डबा काचेला चिकटवताना नवऱ्याबद्दल थोडी दयाही आली. ती दया पुढे चांगलीच महागात पडायची होती.

तीन आठवडे वहिनींनी दोन्ही वापरून पाहिलं. डावीकडे डबा, उजवीकडे फोन. डब्याचा नकाशा दोन वर्षांपूर्वीचा. बाजाराच्या ज्या रस्त्यावर आता गाड्यांना बंदी होती, तिथे तो खुशाल घुसा म्हणायचा. ऊन पडलं की त्याचा पडदा आंधळा. सकाळी चालू केला की उपग्रह शोधण्यातच दोन-तीन मिनिटं घालवायचा. फोन हुशार, पण तापट. दुपारपर्यंत हाताला चटका बसेल असा व्हायचा आणि चार्जिंग घटाघटा प्यायचा. बरं, दोघांचं एकमत होईल तर शपथ! हा म्हणे डावीकडे, तो म्हणे सरळ. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर तिसरं घरही होतं. दर अर्ध्या तासाने पोस्टमनचा फोन यायचा. "कुठे आहेस? तिथून असं नको जाऊस." तो आला की पडद्यावरचा नकाशा झाकला जायचा, फोनमधली रस्ता सांगणारी बाई गप्प व्हायची, आणि वळण हमखास मागे पडायचं.

त्यात आणखी एक झालं. तीन घरांच्या बाबतीत डब्यातलं टिंब भलत्याच रस्त्यावर निघालं. एकाचं मागच्या गल्लीत, एकाचं चक्क एका लाकडाच्या वखारीसमोर. फोनने मात्र तिन्ही वेळा बरोबर घराच्या पाटीपुढे नेऊन उभं केलं. वहिनींनी मनाशी काय ते ओळखलं: औषधांची गुंगी, पडल्या पडल्या केलेलं काम, बोट इकडेतिकडे झालं असेल. पण घरी अवाक्षर काढलं नाही. आधीच माणूस खचलेला, त्याला आणखी कशाला दुखवायचं? भाऊंनी सांगितलं होतं, "वहिनी, गाडीत दोन आवाज नकोत. सोमवारपर्यंत एक काय ते ठरवा." वहिनींनी मनातून फोन ठरवून टाकला होता. फक्त पोस्टमनना कसं सांगायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

त्या शनिवारी सकाळपासून टेकडीच्या बाजूची वीज गेली होती. ज्या घरांत विजेवरची ऑक्सिजनची यंत्रं होती, तिथे सगळे राखीव सिलिंडरवर आले. गोदामातले फोन एकसारखे खणखणत होते. वहिनींनी दहा वाजेपर्यंत चार घरं केली. हाताने उचलून नेता येतील असे लहान सिलिंडर त्यातच संपले. गाडीत उरला तो एकच, मोठा, त्यांच्या खांद्याएवढा उंच, साठ किलोच्या घरातला.

दहा बावन्नला भाऊंचा फोन आला. "वहिनी, कंपाउंडर काका. राखीव सिलिंडरचा काटा लालमध्ये गेलाय. त्यांची सून एकटी आहे घरात. त्यांचं म्हणणं, साडेअकरापर्यंत पुरेल, पुढे नाही. दुसरी गाडी शहराच्या पार त्या टोकाला आहे. तुम्हीच जवळ."

कंपाउंडर काका म्हणजे चाळीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून निवृत्त झालेला माणूस. हिशेबाला पक्का. त्यांनी साडेअकरा म्हटलं म्हणजे अकरा पस्तीस नव्हे. वहिनी त्यांच्याकडे कधी गेल्या नव्हत्या. त्यांचा राखीव सिलिंडर क्वचितच बदलावा लागायचा. वहिनींनी भाऊंकडून पत्ता घेतला आणि फोनमध्ये घातला. फोन म्हणाला, सव्वीस मिनिटं. डब्यात काकांचं टिंब होतंच, पण ते वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळच्या रस्त्यावर. पत्त्यातली गल्ली तर टेकडीच्या खालच्या बाजूला. चौथं घर चुकलं, असं म्हणून वहिनींनी डब्याची वायर उपसली आणि तो शेजारच्या सीटवर टाकून दिला.

पाच मिनिटांनी पोस्टमनचा फोन आला. वहिनींनी घेतला, कारण तोपर्यंत त्या कधी न घेता राहिल्याच नव्हत्या.

"कंपाउंडर काकांकडे चाललेय, घाईत आहे," त्या म्हणाल्या.

"काकांकडे? थांब, ऐक, आधी मी सांगतो. तू आता कुठे आहेस? गिरणीच्या चौकात जाऊ नकोस, तिथून डावीकडे..."

"अहो, नंतर!"

"नंतर काय नंतर? तुला ते घर माहीत नाही. मी सांगतो तसं..."

नकाशा झाकलेला. समोर रस्ता दोन ठिकाणी फुटलेला. वहिनींनी अंदाजाने उजवीकडचा धरला आणि फोन कापला. नकाशा परत उघडला तेव्हा बाई शांतपणे सांगत होती की पुढे दीड किलोमीटरवर वळून मागे या. मधे दुभाजक, वळायला जागा नाही. सात मिनिटं पाण्यात गेली. वहिनींच्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन पुन्हा वाजला. वहिनींनी लाल खुणेवर अंगठा दाबला. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा फोन त्यांनी प्रथमच न घेता कापला. पण हात थांबला नाही. फोन पुन्हा वाजला, पुन्हा कापला. लाल दिव्याला, वळणावर, ट्रकच्या मागे अडकलेल्या असताना, फोन वाजतच होता. "अहो, कळत कसं नाही तुम्हाला!" त्या रिकाम्या गाडीत ओरडल्या. "तिकडे माणूस जातोय आणि तुम्हाला गप्पा सुचतायत!"

अकरा वीसला काकांच्या सुनेचा फोन आला. तो मात्र घेतला. सुनेचा आवाज हळू होता, शेजारी कुणी ऐकत असल्यासारखा. "बाबांनी स्वतःच नळी अर्ध्यावर आणलीय, पुरवायची म्हणून. ऑक्सिजन मोजायचं बोटाचं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवतंय. ओठ निळसर दिसतायत. किती वेळ लागेल ताई?"

"आले. सहा मिनिटं," वहिनी म्हणाल्या आणि एका हाताने कपाळावरचा घाम पुसला.

फोनमधली बाई अगदी शब्दाला जागली. सहाव्या मिनिटाला तिने टेम्पो त्या गल्लीत आणला, घराच्या पाटीसमोर उभा केला आणि सांगितलं की तुम्ही पोचलात. वहिनींनी खिडकीतून वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घर टेकडीच्या उतारावर होतं. गल्लीपासून दारापर्यंत दगडी पायऱ्या. अरुंद, उंच, मधे दोन ठिकाणी वळलेल्या. वहिनींनी मोजल्या नाहीत, पण चाळीसच्या खाली नक्की नव्हत्या. गल्लीत चिटपाखरू नाही. वरच्या खिडकीत सून उभी, एक हात आत, बहुधा सासऱ्याच्या पाठीवर. तिला खाली येता येण्यासारखं नव्हतं, हे तिने न सांगताच कळत होतं.

वहिनींनी ट्रॉली काढली. सिलिंडर त्यावर घेतला, साखळी आवळली, आणि पहिल्या पायरीला चाकं लावून मागे जोर दिला. एक पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीला चाक निसटलं. साठ किलोचं लोखंड कलंडलं आणि वहिनींच्या गुडघ्याला घासून भिंतीशी अडलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी मिठी मारून धरलं. नवऱ्याची कंबर कशी गेली असेल ते त्यांना त्या क्षणी नेमकं समजलं. आणि दुसरं एक समजलं: हा माणूस इथे अनेक वर्षं एकटा येत होता. या पायऱ्यांवरून सिलिंडर त्यांनीही चढवला नसणार. कुणालाच शक्य नाही.

सिलिंडर कसाबसा खाली आणून त्यांनी फोन लावला. अर्धी घंटीसुद्धा वाजली नाही.

"पायऱ्यांपाशी उभी आहेस ना?" पोस्टमन म्हणाले.

वहिनींना हुंदकाच फुटला. "हो."

"रडू नकोस. सिलिंडर गाडीत घे. काका कसे आहेत?"

"चौऱ्याऐंशी होते. आता माहीत नाही. अकरा एकोणतीस झालेत."

"घर मागून वरच्या रस्त्याला लागून आहे. तिथे भिंतीत लोखंडी फाटक आहे, आत सपाट फरशी, सरळ स्वयंपाकघराच्या दारात. एक पायरी नाही. मी टिंब तिथलंच टाकलंय. डबा लाव."

"डबा मी काढून टाकला होता."

ते म्हणाले, "लाव. तो जागा होईपर्यंत मी सांगतो."

वहिनींनी सिलिंडर चढवला तो कसा, ते त्यांना आजही सांगता येत नाही. डब्याची वायर खुपसली. पडद्यावर उपग्रह शोधत असल्याची गोल चकती फिरायला लागली. वहिनींनी तिच्याकडे बघायचं सोडलं आणि गाडी मागे घेतली.

"गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे," पोस्टमन सांगत होते. "चढ लागेल. पहिल्या गिअरवर ने, दुसरा टाकू नकोस, सिलिंडर मागे सरकतो. शिंप्याचं दुकान दिसलं?"

"दुकान नाही. बंद गाळा आहे."

"तोच. त्याच्या पुढचं वळण."

"पुढचं म्हणजे लगेचचं?"

"लगेचचं नाही, ते एकाच्या अंगणात जातं. त्याच्या पुढचं."

तेवढ्यात डबा जागा झाला. त्याने एकदा खरखर केली आणि आपल्या ठोकळ्यासारख्या आवाजात म्हणाला की दोनशे मीटरवर डावीकडे वळा. पोस्टमन त्याच क्षणी बोलायचे थांबले. पण त्यांनी फोन ठेवला नाही. वहिनींना खाटेची करकर ऐकू येत होती आणि त्यांचा जोरजोरातला श्वास. ऑपरेशननंतर त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नव्हतं, आणि ते बसलेले होते हे त्या आवाजावरून कळत होतं. डावीकडे. मग पाण्याच्या टाकीला वळसा. मग सरळ. लाल टिंब जवळ आलं आणि समोर भिंतीत गंजलेलं लोखंडी फाटक उभं राहिलं, सुनेने आतून आधीच उघडून ठेवलेलं. घाबरून तिला ते फाटक सुचलंच नव्हतं; सासऱ्याच्या एका शब्दावर ती मागे धावली होती. गाडी गल्लीतून हललेली ऐकून काकांनी फक्त "मागे" एवढंच म्हटलं होतं.

ट्रॉली सपाट फरशीवरून खडखडत गेली. काका खुर्चीत पुढे वाकून बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, मान प्रत्येक श्वासाबरोबर वर खेचली जात होती. बोटाच्या यंत्रावर एकोणऐंशी. वहिनींनी जुन्या सिलिंडरवर पाना फिरवला, मीटर काढला, नव्यावर बसवला. आटा पहिल्यांदा बसलाच नाही. त्यांनी हात पँटला पुसले आणि पुन्हा बसवला. काटा उसळून वर गेला. सून नळी धरून उभी होती. एकोणऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी झाल्यावर काकांनी डोळे उघडले, वहिनींकडे बघितलं आणि अर्ध्या अर्ध्या शब्दांत म्हणाले, "अकरा... अडतीस. उशीर... केलात." मग त्यांनी वहिनींच्या मनगटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

वहिनी बाहेर येऊन फाटकाशी टेकल्या. फोन अजून चालू होता.

"अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," असं म्हणून पोस्टमननी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. लेक शिकवणीला गेली होती. वहिनींनी हातपाय धुतले, गुडघ्याला मलम लावलं, चहा केला, दोन कप आणून स्टुलावर ठेवले. मग आपला कप घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. अकरा फोन कापल्याची त्यांना लाज वाटत होती, पण त्याहून मोठं काहीतरी आधी बाहेर आलं.

"टिंबं दारावरची नाहीत, गाडी लावायच्या जागेवरची आहेत. वखारीसमोरचंही तसंच असणार. बरोबर?"

"बरोबर."

"आठ दिवस डबा पोटावर घेऊन बसलात. देताना एका शब्दाने का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं."

"एकवीस वर्षांत तुमचं एक दार राहून गेलं नाही."

पोस्टमन भिंतीवर बोटाने काहीतरी रेघा ओढत राहिले. मग तोंड न वळवताच म्हणाले, "सांगितलं असतं, तर सगळं डब्यालाच कळलं असतं. मग मला कशाला विचारलं असतंस?"

वहिनींना वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला भरून येईल. तसं झालं नाही. संताप आला, इतका की कप हातातून खाली ठेवावा लागला. "एकोणऐंशी," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याचा आकडा एकोणऐंशी होता. तुम्हाला विचारावं म्हणून."

"माहीत आहे." त्यांचा आवाज फाटला. "तू फोन कापत होतीस ना, तेव्हा एकेक मिनिट मीही मोजत होतो. वाटलं, काकांना मीच मारलं. इथे पडल्या पडल्या."

त्यांनी उशीत तोंड खुपसलं. खांदे हलत होते. वहिनींनी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात फिरवायला त्यांचा हात दोनदा उठला आणि दोन्ही वेळा मांडीवर परत आला. राग गेला नव्हता. आणि खोटा हात त्यांना फिरवता येत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "माझंही चुकलं. तीन घरं उलटी निघाली तेव्हाच विचारायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. बोट घसरलं असेल म्हटलं. तुमची कीव केली मी."

"कीव?" त्यांनी मान वळवली. हा शब्द त्यांना सगळ्यात जास्त लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"हो, कीव. ती आजपासून बंद," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी भाऊंना सांगणार, काचेवर डबाच राहील. फोन खिशात, मोकळा. नवीन घर असेल तेव्हाच नकाशाला लावीन. मला अडलं की मी तुम्हाला फोन करीन. गाडी चालू असताना तुम्ही मला करायचा नाही."

"आणि नाही अडलं तर?"

"तर नाही करणार."

ते कडू होतं, आणि पोस्टमननी ते गिळलं. वहिनी उठल्या, लेकीच्या कपाटातून एक कोरी वही काढली, पेन घेतलं आणि दिव्याजवळ बसल्या. "पहिलं घर. गाडी कुठे लावायची, आत कुठून शिरायचं, दार कोण उघडतं, सगळं. काही मागे ठेवायचं नाही."

पोस्टमननी उशी पाठीशी घेतली. पहिली दोन घरं त्यांनी तुटक तुटक सांगितली, उलटतपासणी चालल्यासारखी. तिसऱ्याला स्वतःहून म्हणाले की तिथल्या आजींना कानाने कमी ऐकू येतं, खिडकीवर टकटक करायची. नवव्याला चहा गार झालेला त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी तो तसाच पिऊन टाकला. लेक आली, दोघांकडे बघून काही न विचारता आत गेली. सदतिसाव्या घरापाशी त्यांचा आवाज बसला, पण ते थांबले नाहीत.

"तिथे कुत्रा आहे," ते म्हणाले. "मला काही करत नाही. तुला अजून ओळखत नाही. आधी फाटकाबाहेरूनच दोन मिनिटं बोल त्याच्याशी."

वहिनींनी तेही लिहून घेतलं आणि पान उलटलं.